फॉरमॅट करायची का?

४ मार्च

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

सोबत डिस्क पाठवते आहे. बाबांची वाचा जाण्यापूर्वी त्यांनी व्हायोलिन-दुरुस्तीबद्दल जे जे सांगितले, ते सगळे तीत आहे. एकूण एकशे चौदा चित्रफिती, आणि प्रत्येकीला नाव दिले आहे. दुकान आता तुझ्या अंगावर पडले आहे, तेव्हा तुझे गुरुजी हेच. माझ्या संगणकात जागा उरली नव्हती म्हणून तिथले पुसून टाकले. त्याआधी डिस्कवरची प्रत्येक फीत दोनदा चालवून पाहिली. तपासनीस म्हणून हसशील, हस.

बाबांचे औषध चुकवू नकोस. माझ्याबद्दलची माया आहे तशी असू दे.

तुझी ताई


११ मार्च

ती. ताईस सा. न.

आधी मला मनसोक्त ओरडून घे, मग पुढे वाच. डिस्क लावली तर संगणक म्हणाला, ही वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का? मला वाटले, बिचारा परवानगी मागतोय. मी हो म्हटले. दहा सेकंदांत डिस्क रिकामी.

कोपऱ्यावरच्या संगणकवाल्या बाईंकडे धावलो. त्या म्हणाल्या, डिस्क धडधाकट होती. ताई, तुझा संगणक डिस्क ज्या पद्धतीने मांडतो, ती माझ्या संगणकाला कळत नाही, एवढेच. पुसली गेली ती यादी, माल बहुधा आत असेल, पण वर नवे काही साठवले असेल तर संपलेच. मी काहीच साठवलेले नाही. आळस पहिल्यांदाच कामी आला.

टेबलावर एक व्हायोलिन उघडे पडले आहे. चिकटवायचा सरस किती पातळ करायचा, मला ठाऊक नाही. बाबांना सांगायचा धीर होत नाही. रागावलीस तरी पत्रे बंद करू नकोस.

तुझा खारू


१५ मार्च

चि. खारूस आशीर्वाद.

ओरडायला बसले आणि अडले. दोनदा तपासले खरे, पण दोन्ही वेळा माझ्याच संगणकावर. आमच्या ऑफिसातल्या डिस्क इतरांकडे उघडत नाहीत, हे मला रोज दिसते. डिस्कच्या डब्यावर तशी एक चिठ्ठी डकवायला काय झाले होते? मी काळजी घेत होते, की घेतल्याचे समाधान मिळवत होते?

बाबांना आजच सांग. आवाज त्यांचा आहे, तेव्हा लपवायचा हक्क आपल्याला नाही. माझी चूकही सांग. कळव, वाट पाहते आहे.

ताई


२९ मार्च

ती. ताईस सा. न.

एकशे नऊ सापडल्या! नावे मात्र गेली, नुसते आकडे उरले. बाईंनी त्या दोन्ही संगणकांना वाचता येईल अशा डिस्कवर घातल्या. एक प्रत तुला पाठवली आहे, एक माझ्याकडे आहे.

बाबांना सांगितले. त्यांनी डाव्या हाताने खूण करून खुर्ची संगणकासमोर ओढायला लावली. आता रोज दहा फिती पाहतो. मी नाव सुचवतो, ते मान हलवतात.

त्रेसष्टाव्या फितीत बाबाच सांगतात की सरस दुधासारखा पातळ हवा. ते ऐकून बाबांनी टेबलावर हात आपटला. मला वाटले, कुठे दुखले. पुन्हा लावली, पुन्हा आपटला. ते चिडले होते पडद्यावरच्या माणसावर. मग स्वतःच भांड्यात सरस वाढवत गेले आणि ब्रशवरून तेलासारखा ओघळू लागला तेव्हा थांबले. त्याच सरसाने व्हायोलिन चिकटवले. आज उचलून पाहिले, पक्के बसले आहे.

फितीला नाव दिले : ‘त्रेसष्ट, बाबांना मान्य नाही’. बाबांनी मान हलवली.

आहे तसा लोभ ठेव.

तुझा खारू