ठेकेदारांच्या छताखालच्या बल्ल्या

प्रति,
मा. बांधकाम निरीक्षक,
बांधकाम परवानगी कार्यालय.

विषय : ठेकेदारांच्या स्वतःच्या बंगल्याच्या स्लॅबखाली लावलेल्या बल्ल्या न काढू देण्याबाबत.
संदर्भ : माझ्यावर ठपका ठेवणारा आपला चौकशी अहवाल.

महोदय,

उपरोक्त विषयी सादर करतो की, मी सेंट्रिंगचा मिस्त्री आहे. ओला स्लॅब घट्ट होईपर्यंत ज्या फळ्या-बल्ल्यांवर तोलला जातो, त्या ठोकणे हे माझे काम.

दवाखान्याच्या बांधकामावर ठेकेदारांनी वाळवी लागलेल्या बल्ल्या पाठवल्या. मी म्हणालो, "शेठ, नखानं टोकरलं तरी भुगा पडतोय." ते म्हणाले, "तेल फास. तुला काय तिच्याशी लग्न लावायचंय?" मी त्या बाजूला काढल्या. मी जेवायला गेलो असता त्यांनी दुसऱ्याकडून त्या उभ्या करवल्या. मी परतण्याआधीच काँक्रीट पडू लागले आणि छत खाली आले, आणि त्यासोबत वर काम करणारा माझा धाकटा भाऊ. तो आता कमरेखाली हलत नाही. कूस बदलायलाही आईला हाक मारतो, आणि मारताना लाजतो.

ठेकेदारांनी आपणांस लेखी दिले की लाकूड ठणठणीत होते, कसूर मिस्त्रीची. आपण ते ग्राह्य धरले.

त्यानंतर मी उरलेल्या बल्ल्या मागितल्या. "ने, चुलीत घाल," असे ते हसून म्हणाले. मी त्या चुलीत घातल्या नाहीत. त्यांच्या बंगल्यावर माझा साडू मिस्त्री आहे. आम्ही दोघांनी नव्या बल्ल्या उतरवून याच ठोकल्या. लाकूड ठणठणीत असल्याने हरकत नसावी.

सबब विनंती की, उद्या स्लॅब पडताना वर एकही मजूर चढवू नये. काँक्रीट मी एकटा ओतीन. खाली ठेकेदारांना बसवावे. शेजारी आपण असावे. खुर्च्या मी आणतो.

अर्जातील वरील मजकुराची प्रत आज सकाळी ठेकेदारांना दिली. ते अनवाणी रस्त्यावर धावत आले आणि सगळ्या गल्लीसमोर ओरडले, "काढ ती लाकडं! कुजलीत ती, माझं घर पाडशील!" साडूने व शेजाऱ्यांनी ऐकले आहे. हा त्यांचा दुसरा जबाब समजून पहिल्याशेजारी लावावा. मग बल्ल्या मी स्वतः काढीन. तोवर कोणी हात लावल्यास माझ्याशी गाठ आहे.

आपल्या पायधुळीची वाट पाहणारा,
(सही)
सेंट्रिंग मिस्त्री

दिनांक : स्लॅबचा आदला दिवस

सोबत : त्याच बल्लीचा तुकडा. कृपया टेबलावर आपटू नये, कागद खराब होतील.