पाचव्या ‘कंदिला’ला नाव हवंय

नॉरशपिंग, सोमवार, मार्च १८३८

तीर्थरूप एव्हर्टमामांच्या पायांशी भाचा तोर्केलचा वाकून नमस्कार. गुडघा आता जिने चढू देतो का? चर्चची घंटा अजून तुम्हीच वाजवता, असं आईने कळवलं. म्हणजे दंडात जोर आहे. (तो माझ्या पाठीवर आजमावायचा बेत असेल, तर आधी पुढचं वाचा.)

उप्सालाचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं हे खरं. प्राध्यापकांशी भांडून सोडलं हेही खरं. पण मामा, तिथे तीन वर्षांत जे दिसलं नाही ते इथल्या छापखान्यात दिसलं: आमचं ‘कंदील’ वर्तमानपत्र मरतं आणि पुन्हा जन्माला येतं. दरबाराला बातमी बोचली की परवाना रद्द, आणि परवाना ज्याच्या नावावर होता त्याचं नाव कायमचं बाद. की लगेच दुसऱ्या कुणाच्या नावावर ‘दुसरा कंदील’ पेटतो! पहिला होता मालक ब्रूनस्टेट यांच्या नावावर (ते गेले, पण सरकारमुळे नव्हे, छातीच्या दुखण्याने). दुसरा फोरमनच्या. तिसरा बंदरावरच्या हेरिंगवाल्याच्या. त्या गृहस्थाला अक्षरओळख नाही, पण परवाना गेला त्या दिवशी तो छाती काढून दुकानात उभा होता आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होता, “मला बंद केलंय. मला. खुद्द राजाने.” वर दोन मासे जास्त घालत होता.

आणि वाचणारे! एक अंक बारा घरं फिरतो. शेवटच्या घरी पोचेतो अर्ध्या बातम्या कॉफीच्या डागांखाली गेलेल्या असतात, तरी नदीवर धुणं धुणाऱ्या बाया उरलेल्या अर्ध्यावर कडाकडा भांडतात. मी तर थक्क होऊन बघत राहतो. हा ओलसर, शाईचा वास मारणारा कागद, आणि त्याला राजवाडा घाबरतो!

मालकांची मुलगी हेडा छपाईचे शिशाचे खिळे जुळवते. अक्षरं उलटी, ओळी उलट्या, आणि ही ते प्रार्थनेच्या पुस्तकासारखं सरळ वाचते. बोटं काळी, कपाळावर शाईचा एक फराटा. तो बघितला आणि मी तिथेच कामाला राहिलो. (पगाराचं विचारायचं राहूनच गेलं.)

तेव्हा चौथ्याला मी माझं नाव दिलं. सगळे म्हणाले, सुरुवातीला हवामान छाप, जहाजं कोणती आली ते छाप. पण हेडा बघत होती. मी गव्हर्नरसाहेबांवर दोन रकाने लिहिले. पहिल्याच अंकाला परवाना गेला. फोरमनने टोपी काढून मला मुजरा केला. “दुसरा तेरा महिने चालला, तिसरा पाच. तू एका अंकात उरकलंस, बाळा.”  हेडाने माझा जुळवलेला लेख सोडवला आणि एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकला. माझा सगळा संताप तासाभरात खणांत जाऊन बसला, मामा.

आता ब्रूनस्टेटबाई म्हणतात, पुढच्या गुरुवारी अंक निघाला नाही तर छापखाना विकून मुलीला घेऊन काल्मारला भावाकडे जाईन. बाकी सर्व क्षेम.

तुमचा
तोर्केल

ता. क. पाचव्या ‘कंदिला’ला नाव हवंय. जन्मात सरकारविरुद्ध ब्र काढला नाही असं नाव आपल्या घराण्यात एकच आहे. माझा लेख हेडाने पास केल्याशिवाय छापणार नाही, शपथ.

ता. क. दुसरा. हेडाने पत्र वाचलं. म्हणाली, मुद्द्याची गोष्ट पहिल्या ओळीत असते, तळाशी नव्हे. मग विचारलं, “आणि मामा नाही म्हणाले तर?” मी म्हटलं, माझे मामा मला नाही म्हणायचे नाहीत. “मग अर्ज आजच जाऊ दे,” असं म्हणून ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. मामा, अर्ज गेला.

ता. क. तिसरा. परवाना पुढच्या बुधवारी येईल, अंक गुरुवारी निघेल. रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण टपालाने रागवा. तुमचं उत्तर इथे लवकरात लवकर त्यानंतरच्या शनिवारी पोचतं.