सात नंबरचा ब्रॅकेट

शुक्रवार, ६ मार्च. सकाळ.

स्वतःच्या हातानं केलेल्या गोष्टी एकदा लिहून ठेवतो.
घराचा जिना. सतरा पायऱ्या. एकही कुरकुरत नाही. (नववी बोलते, पण फक्त थंडीत.)
मुलीचा पाळणा. ती मोठी झाल्यावर त्याचंच पुस्तकांचं कपाट.
पाण्याच्या टाकीचा स्टँड.
शेजाऱ्यांचं फाटक. बाहेरच्या बाजूला उघडतं. तसंच उघडायला हवं, हे त्यांना अजून कळलेलं नाही.
थिएटरची गॅलरी. जुनी लाकडी कुजली होती, ती काढून नवी केली. पुढच्या काठाची नक्षीची पट्टी तेवढी जुनीच ठेवली, रंगवून. खालून आधाराला बारा लोखंडी ब्रॅकेट, अठ्ठेचाळीस बोल्ट, चौऱ्याऐंशी खुर्च्या. कुणाकडे शिकलो नाही. कागदावर रेघ मारली आणि उभी केली.

लिहायचं कारण, काल मेहुणा चहाला आला होता. हिचा धाकटा भाऊ. इंजिनिअर आहे, म्हणजे डिग्री आहे. म्हणाला, भावोजी, लोक बसायच्या आधी मी एकदा नजर टाकू का? मी म्हटलं, तू बिस्किटावर नजर टाक, मऊ पडतंय.

गॅलरी आज उघडणार. तीनचा शो. सिनेमा कुठल्याशा सुपरहिरोचा आहे, फक्त प्रौढांसाठी. मला सिनेमात रस नाही. लोक बसलेले बघायचेत.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

गॅलरीत एकतीस माणसं. छान बसली.

सिनेमा आचरट आहे. हिरोला शिव्या दिल्या की ताकद येते, कौतुक केलं की उतरते. ढगांतून उडत असताना त्याच्या आईचा फोन येतो, गुणाचं गं माझं बाळ असं ती म्हणते, आणि हा सरळ गटारात. लोक हसले. मला हसू आलं नाही. वाटेत त्यानं तीन इमारती पाडल्या. त्यांचा विचार कुणी करत नाही.

एकशे बाराव्या मिनिटाला तो टँकरखाली चिरडलेला पडतो. ताकद संपलेली. मग पडद्यातून आपल्याकडे बघून म्हणतो, बघताय काय फुकट्यांनो, द्या की शिव्या! थिएटरात चिडीचूप. एक जोडपं मध्यंतरातच उठून गेलं होतं. टाय घातलेला एक गृहस्थ अगदी हळू मूर्खा म्हणाला आणि स्वतःच लाजला.

एकूण शांत, सभ्य प्रेक्षक. गॅलरी उत्तम.

रविवार, ८ मार्च.

काल बावन्न. आज चौऱ्याऐंशी. लोक दुसऱ्यांदा येतायत. टायवाला मित्रांना घेऊन आला होता, टाय नव्हता.

एकशे बाराव्या मिनिटाला अख्खी गॅलरी उभी राहिली आणि शिव्या देऊ लागली. पहिल्या रांगेत सत्तरीच्या एक आजीबाई विणकाम घेऊन बसतात. त्यांनी जी दिली ती मी चाळीस वर्षं वेल्डरांत वावरून ऐकली नव्हती. नुसत्या शिव्यांचं काही नाही, शिव्यांना वजन नसतं. पण लोक पाय आपटत होते.

गॅलरीतून आवाज आला. कुरकुर नव्हे. हुंकार दिल्यासारखा.

मी हिशेब बसलेल्या माणसांचा केला होता. माणशी पासष्ट किलो. उड्या मारणाऱ्यांचा केला नव्हता. कोण करतं?

सात नंबरचा ब्रॅकेट उत्तम आहे.

सोमवार, ९ मार्च.

तीनच्या शोला गेलो. अभ्यास म्हणून. गॅलरीच्या खालच्या खुर्चीत बसलो, बरोबर सात नंबरखाली. ब्रॅकेटला दोरी बांधून तिला नट लटकवला. नट हलला की गॅलरी हलली, सोपं आहे. हे पुस्तकात नाही, माझं मीच काढलं.

आईचा फोन: अर्धा इंच.
टँकर: एक इंच.

भीती वगैरे वाटत नाही.

मंगळवार, १० मार्च.

निश्चय: मॅनेजरला स्पष्ट सांगायचं, गॅलरी चार दिवस बंद ठेवा.

गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझा हात हातात घेतला. तुमच्या गॅलरीनं थिएटर वाचवलं हो, असं चार वेळा म्हणाले. बिस्किट दिलं. तोंडात बिस्किट असताना असल्या गोष्टी सांगता येत नाहीत.

उद्या सांगणार.

बुधवार, ११ मार्च. पहाट.

झोप नाही. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, म्हणून केवळ नोंदीसाठी लिहितो.

अठ्ठेचाळीस बोल्ट सोळा एमएमचे हवे होते. सात नंबर शेवटी घेतला, तेव्हा दोन कमी पडले. दुकान बंद. दुसऱ्या दिवशी खुर्च्या बसणार होत्या. मी बारा एमएमचे दोन घातले आणि भोकात ढिले राहू नयेत म्हणून वॉशर स्वतः घासून बसवले. नंतर बदलू म्हटलं.

ही चूक नव्हे. तात्पुरती व्यवस्था.

मेहुण्याला विचारलं तर पाच मिनिटांत सांगेल. म्हणूनच विचारायचं नाही.

गुरुवार, १२ मार्च.

सकाळी थिएटर रिकामं असताना शिडी घेऊन गेलो. खिशात सोळा एमएमचे दोन नवे बोल्ट. अर्ध्या तासाचं काम.

अडीच तास खपलो. वॉशर निघेनात. घासून इतके नेमके बसवलेत की बोल्टही फिरत नाही. पान्ह्याचा दांडा वाकला. इतकं चोख काम मी आयुष्यात केलेलं नाही, आणि ते मलाच सोडवता येईना.

डोअरकीपर खालून म्हणाला, काय चाललंय साहेब? म्हटलं, धूळ पुसतोय. तो म्हणाला, पान्ह्यानं?

शुक्रवार, १३ मार्च.

लोकांनी आता ठेका बसवलाय. धड धड, धड. धड धड, धड. चौऱ्याऐंशी माणसं एकदम. टायवाला हातवारे करून ठेका धरायला लावतो. सुट्या उड्या परवडल्या. एकदम पडणारे पाय वाईट.

नट: दीड इंच.

घरी आलो तर ही दारात. डोअरकीपरची बायको हिच्या शिवणाच्या वर्गात येते, त्याची मला कल्पना नव्हती. ही म्हणाली, अहो, तुम्ही म्हणे रोज तो घाणेरडा सिनेमा बघता? मी म्हटलं, मी बघत नाही. ती म्हणाली, तेच ऐकलं. सात दिवस जाताय आणि पूर्ण वेळ छताकडे बघत बसता, कधी घाम पुसता, कधी पुटपुटता. अहो, लोक निदान पडद्याकडे तरी बघतात!

मी म्हटलं, यात तांत्रिक बाबी आहेत. ती म्हणाली, असतील.

शनिवार, १४ मार्च.

मुलगी म्हणाली, बाबा, उद्या तीनच्या शोला आम्ही सहा जणी जातोय. गॅलरीत. तुमच्या गॅलरीत बसायचंय सगळ्यांना.

मी म्हटलं, तो सिनेमा चांगल्या घरच्या मुलींनी बघायचा नाही.
ती म्हणाली, मी एकवीस वर्षांची आहे.
मी म्हटलं, संस्कार म्हणून काही असतं.
ती म्हणाली, तुम्ही आठ वेळा बघितलाय.
मी म्हटलं, खाली बसा. खालून छान दिसतो.
ती म्हणाली, खालून छत छान दिसतं, असं आईकडून ऐकलं.

मायलेकी पोट धरून हसल्या. मीही हसलो. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

खरं कारण दोन शब्दांत सांगता आलं असतं. जिभेवर आलं होतं. पण हे घर माझ्या जिन्यानं चढतं, माझ्या टाकीचं पाणी पितं. तिला पाळण्यात मी झोपवलंय. एकदा दोन बोल्टांचं सांगितलं की माणूस नवव्या पायरीपासून मोजायला लागतो.

निश्चय: उद्या सकाळी मॅनेजरला सांगणार. नक्की. आठ वाजता.

रविवार, १५ मार्च. सकाळी साडेदहा.

मॅनेजर बाराशिवाय येत नाहीत.

दुपारी पावणेएक.

आले. फोनवर होते. बोटानं थांबा म्हणाले. थांबलो. मग निघालो.

संध्याकाळी साडेसात.

अक्षर लागलं नाही तर दोष पेनाचा.

गॅलरी भरलेली. मुलगी तिसऱ्या रांगेत, बरोबर सातच्या वर. मैत्रिणींनी वाजवायला पातेल्यांची झाकणं आणलेली. मी खाली, नटाखाली. शंभराव्या मिनिटाला एक इंच. एकशे सहाला दीड. एकशे नवाला आजीबाईंनी विणकाम पिशवीत ठेवलं. त्या विणकाम ठेवतात म्हणजे पुढे काय होणार हे मला पाठ आहे.

माझे पाय चालू लागले. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

पडद्यासमोर उभा राहिलो. हिरो टँकरखाली गेला की सिनेमात पूर्ण शांतता असते, तेवढीच वेळ. टॉर्च स्वतःच्या तोंडावर धरला आणि ओरडलो, गॅलरी रिकामी करा! त्याच क्षणी माझ्या पाठीवर हिरोचं तोंड आलं आणि ते म्हणालं, बघताय काय फुकट्यांनो, द्या की शिव्या!

दिल्या. आठवडाभर त्याला मिळत होत्या त्या सगळ्या मला. लोकांना वाटलं, थिएटरवाल्यांनी नवीन काही ठेवलंय. टायवाल्यानं ठेका सुरू केला. धड धड, धड. मी ओरडलो, बोल्ट बारीक आहे! मागून कुणीतरी म्हणालं, कुणाचा, काका? त्यावर जो हशा झाला त्यानं ठेका दुप्पट झाला. मला इथून नट दिसत नव्हता. मुलगी दिसत होती. तीही उभी होती, हातात झाकण.

मग मी म्हणालो. चुकलं. माझं चुकलं. सातला बारीक बोल्ट मी घातले, मला माहीत होतं, माझं चुकलं.

झाकण खाली आलं.

पुढचं तिच्या मैत्रिणीकडून कळलं. ती खुर्चीवर चढली आणि सगळ्यांवर खेकसली, गप्प बसा, ते माझे बाबा आहेत. जन्मात कधी चुकलं म्हणालेले नाहीत. जिना वाकडा झाला तेव्हा घर वाकडं आहे म्हणाले होते. आज म्हणतायत. उठा!

पहिल्या उठल्या त्या आजीबाई. जाताना मला एक शिवी दिली, पण आवाजात कळकळ होती. चौऱ्याऐंशी माणसं साडेचार मिनिटांत खाली. गॅलरी जागच्या जागी.

दिवे लागले. मी पडद्यापुढच्या पायरीवर बसलो होतो. मुलगी शेजारी येऊन बसली. माझ्या हातातला टॉर्च घेतला आणि बंद केला. तो अजून माझ्या तोंडावरच होता.

सोमवार, १६ मार्च.

मॅनेजरनी मेहुण्यालाच बोलावलं. त्यानं शिडी लावली, सगळीकडे ठोकून बघितलं. मी खाली उभा, निकालाची वाट बघत असल्यासारखा. असल्यासारखा कशाला, होतोच.

उतरून म्हणाला, भावोजी, हे ब्रॅकेट कशासाठी लावलेत?

मी म्हटलं, गॅलरी कशावर उभी आहे मग?

तो म्हणाला, पुढच्या काठाखाली नक्षीची जाड पट्टी आहे ना, जी तुम्ही रंगवून घेतली? तिच्या आत जुन्या काळची लोखंडी तुळई आहे, या भिंतीतून त्या भिंतीत. सगळा भार तिच्यावर. हत्ती नाचवा. तुमचे बाराच्या बारा काढून टाकले तरी काही होणार नाही. दिसायला मात्र छान आहेत हो.

मी म्हटलं, आणि नट दीड इंच हलत होता तो? त्यानं वर बघितलं. म्हणाला, भावोजी, शेजारी पंखा आहे.

म्हणजे सात नंबरला माझं काही चुकलंच नव्हतं. हे थिएटरच्या दारावर लिहून लावायला हवं. तसं मॅनेजरना सांगणारही होतो. मग लक्षात आलं की उरलेले सेहेचाळीस बोल्टही त्याच हिशेबात गेले.

घरी हिला सांगितलं. तिनं सुईत दोरा ओवला, गाठ मारली, मग म्हणाली, म्हणजे तुम्हाला म्हणता येतं तर. पंचवीस वर्षं मी वाट बघितली. म्हणालात ते तीनशे परक्या लोकांपुढे, आणि ज्यात चुकलं नव्हतं त्यात.

बुधवार, १८ मार्च.

गॅलरी कालपासून पुन्हा सुरू. मी गेलो नाही. मला सिनेमात रस नाही.

आज मॅनेजर घरी आले. चहा घेतला. मुलगीही बसली होती. म्हणाले, लोक तिकिटाच्या खिडकीवर विचारतात, ते चुकलं म्हणणारे काका कुठल्या शोला असतात? काल कुणीच आलं नाही म्हणून एकशे बाराव्या मिनिटाला पब्लिकच चुकलं, चुकलं ओरडत बसलं. तुम्ही फक्त टॉर्च घेऊन यायचं, तोंडावर धरायचं, तेवढंच वाक्य म्हणायचं. पण रविवारसारखं, घाबरून.

मी म्हटलं, मी कारागीर आहे, विदूषक नाही. आणि मी त्या दिवशी घाबरलो नव्हतो. मुलगी कप उचलायच्या निमित्तानं आत गेली.

नाही म्हणून सांगितलं. स्पष्ट. बिस्किट तोंडात नसताना.

दर शोला चारशे देत होते. रविवारी चार शो.