बिस्किटाची फॅट

मंगळवार, संध्याकाळ. नेकनूर.

पाकीटबंद खाण्यावरचा लेख उद्या द्यायचाय, पण डोक्यात अक्काच. हृदयासाठी तेलतूप कमी करा, असं अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तिला बजावलंय. तरी चहासोबत चॉकलेटची बिस्किटं! पाकिटावरचा फॅटचा आकडा दाखवला, तर खूशच झाली.

"वीस? आपल्या म्हशीची सात लागली तरी डेअरीत समदे बघत्यात. अन् तू खाऊ नको म्हणतूस? येडा हायेस का?"

दूध संस्थेत फॅट जास्त तर भाव जास्त. आयुष्यभर तिनं तेच पाहिलं. हे मला आधी कसं सुचलं नाही?

"अक्का, ही फॅट तुझ्या रक्तात साठती."

मग पाकीट उचलून गोठ्याकडे निघाली.

"हिलाच घालते मग. दुष्काळात चाऱ्यावाचून हिची फॅट लई उतरलीय."

घरातून पाकीट तर गेलं. बरं वाटलं.