जेवताना सांगितलेलं

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

रविवारी तुझ्याकडे जेवताना मी बोलून गेलो, की हल्ली विमानातून उतरल्यावरही बराच वेळ जमीन कलल्यासारखी वाटते. भाजी वाढणाऱ्या ताईला सांगितलं होतं गं, वायुदलाच्या डॉक्टरला नाही! आणि सोमवारी सकाळी माझं उड्डाण बंद. आमच्यातलं कालचं पोरसुद्धा तुम्हा डॉक्टरांसमोर साधं शिंकत नाही. मीच गाढव. परक्यानं केलं असतं तर सोसलं असतं. तू केसानं गळा कापलास. विमानाशिवाय मला दुसरं येतं काय? आता कचेरीत बसून कागदांवर शिक्के मारतोय.

लोभ ठेव म्हणणार नाही. ठेवलास तेवढा पुरे झाला.

धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रडू आलं आणि रागही आला. तुला मी बाद केलं नाही, माझ्या सहकाऱ्याकडे पाठवलं. त्याच्या तपासणीत फिरती खुर्ची थांबली तरी तुझे डोळे फिरतच राहिले, त्याला मी काय करू? लहानपणी झोपाळ्यावर ओकायचास, तेव्हाही माझ्याच नावानं बोंब मारायचास.

गेल्या वर्षी एका वैमानिकानं असंच लपवलं. ढगात शिरला, वर कुठलं नि खाली कुठलं कळेना, सरळ टेकडीवर आदळला. त्याचं उरलंसुरलं मीच तपासलं. बायकोला सगळं ठाऊक होतं, पण नवऱ्यानं घातलेल्या शपथेपायी गप्प बसली होती. मला तसं गप्प बसायचं नव्हतं, बाळा. बोल लावायचा तेवढा लाव.

राग ओसरला की जेवायला ये. माया आहेच, ती पत्रात मागावी लागत नाही.

तुझी ताई

ता. २ जून

ती. ताईस,
सा. न.

आईला नेलं त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात तू एकेकाला विचारत होतीस, की तिच्या छातीत इतके दिवस दुखत होतं तर कुणालाच कसं कळलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. कळलं होतं, ताई. मला, माझ्या बायकोला, शेजारच्या काकूंनासुद्धा. एक तुलाच नव्हतं.

जिन्यात आई मटकन बसली, तेव्हा मी तुला लावायला फोन उचलला होता. तिनं हात धरला. म्हणाली, तिला नको सांगूस रे, तुला घरी बसवलं तसं मलाही खाटेवर बसवेल. मी फोन खाली ठेवला.

तेव्हा तोंड उघडलं असतं तर आई आज असती, एवढं मलाही कळतं. म्हणूनच तुझ्यासमोर यायला नको वाटतं. जेवायला बोलावू नकोस.

धाकटा