निरोप्याची सुट्टी

आई-बाबा,

मी शाळेतून थेट मावशीकडे जाणार आहे. पळून नाही, तिला विचारून. रविवारी संध्याकाळी येईन.

बाबांचा कारखाना बंद पडल्यापासून तुम्ही एकमेकांशी बोलत नाही. जे काही असेल ते माझ्यामार्फत. "बाबांना सांग, गॅस संपलाय." "आईला सांग, मला डोळे आहेत." दोघं एकाच स्वयंपाकघरात आणि मध्ये मी! परवाचं अख्खं भांडण मी एकटीनेच केलं, दोघांच्या वतीने. जिन्यात शेजारच्या काकू गाठतात, "बाबा हल्ली घरीच का गं?" तिथेही उत्तर मीच द्यायचं.

आजपासून हे काम बंद. फ्रिजला वही टांगलीय, पेन दोरीने बांधलंय. काय ते तिच्यात लिहा, नाहीतर सरळ तोंड उघडा.

पहिला निरोप माझाच लिहून ठेवलाय. सोमवारी वर्गात माझी छाती इतकी धडधडायला लागली की गणिताचा पेपर कोरा देऊन आले. चार दिवस झाले, तुम्हाला सांगता आलं नाही. माझा निरोप न्यायला घरात कोणीच नव्हतं.