मालकाची फरशी

बेंगळुरू,
१२ जानेवारी २०२६

ती. आक्कास,
ज्ञानूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, म्हणून हसशील. पण फोनवर अण्णा ‘बरं हाय’ म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात. पत्र तरी शेवटपर्यंत ऐकतील. सोप्यात बसून मोठ्यानं वाच.

आमचं भुयारी मेट्रो स्टेशन संपत आलंय. विहिरीत उतरावं तसं उतरायचं, आणि तळाला पाण्याऐवजी प्लॅटफॉर्म. मधी एकबी खांब न्हाय, सगळा भार कमानीच्या छतावर. वर मोठा झरोका ठेवलाय, त्यातनं दुपारचं ऊन पार खालपर्यंत येतं. पूर्वी इथं तळं हुतं म्हणं. ते बुजवून मैदान झालं, मैदानावर फुलबाजार बसला, आणि बाजार उठवून खोदकाम झालं. तळ्याची आठवण म्हणून भिंतीच्या दगडावर लाटा कोरल्यात. आमच्यात झाडायला चौडम्मा येते, तिचा गाळा त्याच बाजारात हुता. आपल्याकडचं मोडकंतोडकं कानडी इथं कामाला येतंय. पण माझं कानडी ऐकून ती हसती आणि मला मुद्दाम परत परत बोलायला लावती.

माझ्याकडं पिवळ्या फरशीचं काम हाय. ज्यांना दिसत न्हाय त्यांच्यासाठी असती ती. रेघा लागल्या की चालायचं, ठिपके लागले की थांबायचं. ती बसवताना रोज अण्णा आठवतात. त्यांना दिसत हुतं तवा मी घरचीच फरशी अर्धी टाकून भांडून निघालो. नेसरी मला पुरत न्हाय म्हणालो. आता एवढं शहर हाय, तेबी पुरत न्हाय.

आता घोळ ऐक. अण्णा कुणाचंबी घर बांधलं की शेवटची एक फरशी मोकळी ठेवायचे, घरमालकानं आपल्या हातानं बसवायला. मालकाची फरशी. मी सवयीनं इथंबी जिन्याच्या तोंडाशी एक ठिपक्याची फरशी सोडली. सुपरवायझर भडकला. सरकारी कामाला कसला मालक, म्हणाला. हातापाया पडून उद्घाटनाच्या आधल्या आठवड्यापर्यंत मुदत घेतलीय. भोकावर फळी टाकलीय.

ती फरशी अण्णांनी बसवावी, एवढंच मागणं हाय. बेळगावातनं गाडी धर आणि घेऊन ये त्यांना. डोळे लागत न्हाईत त्या कामाला.

माझ्यावरची माया आटू देऊ नको.
तुझा ज्ञानू

नेसरी,
२४ जानेवारी २०२६

चि. ज्ञानूस,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझं अक्षर मला लागंना म्हणून शेजारच्या संयोगिताला बोलावलं. तिनं न अडखळता वाचलं. ती तुझी काय चौकशी करत न्हवती हां, मी आपलं सांगते. म्हैस व्यालीय, रेडी झालीय. तुझे दाजी सोसायटीच्या मीटिंगा करत हिंडतात, घरात त्यांचा पाय टिकत न्हाय. मेव्हण्यावर गेलेत.

अण्णांनी पत्र दोनदा वाचायला लावलं. झरोक्यापाशी थांबवून विचारलं, कमान दगडाची का काँक्रीटची. मला काय म्हाईत बाबा. मला वाटलं, आता पिशवी भर म्हणतील. तर म्हणाले, मी न्हाय जाणार. मी तिथला पावणा. पावण्यानं मालकाची फरशी बसवायची नसती. त्या जागेवरनं कुणाला उठवलंय ते त्याच्याच पत्रात हाय, त्याला म्हणावं परत वाच.

मला राग आला. पोरगं एवढं बोलावतंय, मी म्हणाले. तर अण्णा उठून उंबऱ्याकडं गेले.

तुला कधी फोनवर सांगितलं न्हाय. तू गेल्यावर सोप्याची राहिलेली फरशी त्यांनी दाजींना हाताशी धरून चाचपत पुरी केली. पण उंबऱ्याला लागून एक जागा मोकळी ठेवली. आम्हाला वाटलं सिमेंट सरलं. दोनदा दाजी भरायला बसले, दोनदा उठवलं. येता-जाता तिथंच पाय अडकतो त्यांचा. मी वर पोतं टाकते, ते काढून टाकतात. काल पत्र ऐकल्यावर पहिल्यांदा बोलले. म्हणाले, ह्या घराचा मालक भाईर गेलाय.

तब्येत सांभाळ. घराकडची ओढ तुटू देऊ नको.
तुझी आक्का

बेंगळुरू,
८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप अण्णांस,
ज्ञानूचा शिरसाष्टांग नमस्कार.

चौडम्माला विचारलं, तुझा गाळा नेमका कुठं हुता. तिनं झाडू टेकवला आणि झरोक्यातनं वर बघत बसली. मग जिन्याच्या अंगाला हात केला. ह्याच्या बरोबर वर हुता, म्हणाली.

काल तिनं फरशी बसवली. आधी नकोच म्हणत हुती, साहेब रागावंल म्हणून. मग पदर खोचून बसली. मी सिमेंटचा माल पसरला, तिनं फरशी ठेवली, दोघांनी मिळून ठोकली. तुम्ही शिकवलं तसं कान लावून बघितलं, पोकळ वाजली न्हाय. तिनं वर एक झेंडूचं फूल ठेवलं. सुपरवायझर बघून गेला, पण फूल उचललं न्हाय.

रविवारी, २२ तारखेला, बेळगावला उतरतोय. उंबऱ्याजवळची जागा तेवढी राखा. कोपरा उडालेली एक ठिपक्याची फरशी टाकाऊत पडली हुती, विचारून घेतलीय. तीच बसवणार.

कायमचा येतोय असं लिहीत न्हाय, अण्णा. माझं पाऊल तुम्हाला ठावं हाय. पुढच्या स्टेशनाचं काम लागलंय, मला जावं लागंल. पण उंबऱ्यापाशी पायाला ठिपके लागले की थांबा. मालक येऊन गेलाय, एवढं तुमच्या पायाला रोज कळंल.

वाट बघायची सोडू नका.
तुमचा ज्ञानू